गिरजाचं खाकरणं

माह्या बायकोनं जन्मात माहं नाव घेतलं नाई. मले बोलवायचं असलं की ती खाकरायची.

हे सांगितलं की आताची पोरं हसतात. हसू द्या. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माहं काम नाई. पण मागच्या महिन्यात गावातल्या आशाताईनं समाजमंदिरात खोकल्याची बैठक ठेवली अन् मले म्हणाली, "बाबाजी, आजीबद्दल दोन शब्द बोला, लोकं तुमचं ऐकतीन." मी उभा राह्यलो, माईक हातात घेतला. पुढं बाया बसलेल्या. त्यातली एक खाकरली अन् मी तिच्याकडंच पाहत राह्यलो. बोलणं काई झालं नाई, खाली बसलो. जे बोलता आलं नाई ते आता लिहून राह्यलो.

गिरजा हे तिचं सासरचं नाव. माहेरी ती शेवंता होती, समुद्रपूरकडची. माहं नाव महादेव, म्हणून लग्नात माह्या मायनं तिचं नाव गिरजा ठेवलं. देवाचा जोडा जमला म्हणे. जोडा जमला, पण तिची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाई ही तेव्हाची रीत, अन् हिच्या नवऱ्याचं नाव तं देवाचंच. सोमवारी मंदिरात समदे "हर हर महादेव" म्हणत. ही "हर हर" म्हणे अन् पुढं खाकरे. पुजारी एकदा चिडला. म्हणाला, "बाई, देवापुढं खोकता काऊन?" हिनं पदर तोंडाले लावला अन् म्हणाली, "खोकत नाई महाराज. नाव घेऊन राह्यली."

दुसऱ्या बाया नवऱ्याले अजी म्हणत. हिले तेही जमलं नाई. नवीन होती तेव्हा ओसरीत माहा बाप बसलेला, भाऊ बसलेले, त्याहीच्या देखत अजी कसं म्हणायचं. मंग तिनं खाकरणं सुरू केलं. बारीक, एकदाच, म्हणजे जेवायले या. दोन लागोपाठ, म्हणजे कोणीतरी आलं. अन् लांब ओढलेलं एक होतं, घशाच्या तळातून काढलेलं. ते म्हणजे तुम्ही जास्त बोलून राह्यले, आता चूप बसा. हे तिसरं मी सगळ्यात जास्त ऐकलं. मी तोंडाचा फाटका माणूस. सोयरिकीच्या बैठकीत मी पोरीच्या बापाले काई बोलायले तोंड उघडलं की आतल्या खोलीतून खाकरणं येई अन् माहं तोंड बंद होई. लोकं म्हणत, महादेव आता शहाणा झाला.

बाप गेला, भाऊ वाटण्या करून येगळे झाले, ओसरीत लाजावं असं कोणी उरलं नाई. तरी तिची सवय गेली नाई. वावराच्या बांधावर, मी एका धुऱ्यावर अन् ती दुसऱ्या धुऱ्यावर असली तरी खाकरण्यावर काम चाले. हिंगणीकडचं आमचं वावर जंगलाले लागून आहे. रानडुकराचं लय भ्या. एकदा कपाशीत डुक्कर घुसलं तं हिनं दोनदा खाकरलं. मी पाव्हणा आला समजून डोक्यावरची टोपी सारखी केली. मंग डुक्कर पाहून ओरडलो तं म्हणते, "कोनीतरी आलं असंच सांगतलं ना मी?"

दिसायले ती काई लय नव्हती. उंचीनं कमी, पाय मोठे, कपाळावरचं कुंकू नेहमी थोडं डाव्या अंगाले. हात मात्र असा की कापूस वेचायले लागली तं बोंड तुटल्याचं बोंडाले समजत नसे. बोलणं तोडून. मी काई ऐकलं नाई तं विचारे, "कानानं आईकलं का पाठीनं?" कोंबड्याईशी मात्र तासभर बोले. जेवायची तिची एकच रीत, माहं झालं की माह्याच ताटात. नवी सून आली तेव्हा तिनं सासूसाठी येगळं ताट वाढलं होतं. गिरजानं ते माघारी केलं. म्हणाली, "मले याच ताटात पोट भरते."

कोरोना होऊन गेल्यावरची ही गोष्ट. त्या साली थंडीत गिरजा मले लय बोलवू लागली.

मी ओसरीत बसलो की आतून खाकरणं. जाऊन पाहावं तं म्हणे, "ते मीठ आना दुकानातून." मी मीठ आणून देई. घटकाभरानं पुन्हा. "ते मांजर हाकला." मी पाही तं मांजर नसे. "पळालं असंन." सांजेले पुन्हा. "बादली उचला." बादली रिकामी. मी मनात म्हटलं, म्हातारी झाली, आता हिले माणूस जवळ पाहिजे. मले बरंच वाटलं. बोलावलं की जायचो.

शेजारी नामदेव राहतो. माह्याच उमरीचा, दिवसभर खर्रा चघळणारा. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्ऱ्यानं दात काळे झालेले. तो कुंपणावरून म्हणे, "काय बे महाद्या, वहिनी लयच बोलावून राह्यल्या तुले. नवं लगन झालं का?" मीही हसायचो. हिचं हसणं मात्र तेव्हा अर्ध्यात तुटायचं. हसली की त्याच्या मांगं खाकरणं येई. मले वाटे, नामदेवासमोर मी जास्त बोलून राह्यलो, म्हणून चूप बसवते.

जेवायचीही रीत बदलली. मी जेवून उठलो की ती माहं ताट धुवायले टाके अन् आपलं बारकं जरमलचं ताट काढून चुलीपाशी बसे. मी विचारलं तं म्हणाली, "दात हलते. हळूहळू खा लागते. तुमचं ताट काऊन अडवू?" नातीले मांडीवर घेणंही सोडलं. पोट्टी मांगं लागे, ही तिले दुरूनच केळं दाखवे अन् अंगणात धाडे. पाठीचा कणा दुखते म्हणे. निजायचं म्हणाल तं तिनं आपली खाट कोठीच्या खोलीत टाकली. कारण विचारलं तं, उंदीर धान्य खातात.

प्रत्येक गोष्टीले तिच्याजवळ कारण होतं, अन् समदी कारणं खरीच वाटत.

एक दिवस सून फडताळ साफ करत होती. तिनं आतून आवाज दिला, "मामाजी, मिठाचं दुकान टाकायचं हाये का?" जाऊन पाह्यलं. मिठाचे पुडे एकावर एक रचलेले. फडताळात नाई मावले ते तांदळाच्या डब्यामांगं दडवलेले. सून हसून राह्यली होती. गिरजा चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाई. मी म्हटलं, विसरत असंन. उमर झाली.

त्याच आठवड्यात मी सेलूले जायले निघालो. फवारणीच्या पंपाचा वॉशर पाहिजे होता. सून पोट्टीले घेऊन माहेरी गेलती, पोरगा वावरात, घरी गिरजा एकटी. रस्त्यावर गेलो तं बस निघून गेलती. पुढची दुपारले. परत फिरलो. अंगणात पाय ठेवला अन् आतून खाकरणं ऐकू आलं.

मी जागीच उभा राह्यलो. कारण मी घरी नव्हतो. तिच्या हिशोबानं मी सेलूच्या बसमध्ये होतो. मंग ही कोणाले बोलावून राह्यली?

खाकरणं थांबलं नाई. बारीक नव्हतं, जोड नव्हतं, लांबही नव्हतं. एकात एक अडकलेलं, श्वास न घेऊ देणारं. मी दारातून पाह्यलं. खांबाले धरून वाकलेली, पदर तोंडात कोंबलेला. मंग ती चुलीपाशी बसली, थुंकली, अन् त्यावर राख ओढली. राख ओढायच्या आधी मले त्यात लाल दिसलं.

मी विचारलं, "कोनाले बोलावून राह्यली?"

ती दचकली. म्हणाली, "तुम्ही एवढ्यात कसे आले?"

"बस चुकली. कोनाले बोलावून राह्यली सांग."

ती हातातला चिमटा राखेत फिरवत राह्यली. हात वर केला तेव्हा मले दिसलं, मनगटातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. पोळ्याले भरलेल्या होत्या, तेव्हा मनगटावर घट्ट बसत. मी रोज पाहत होतो तो हात, पण बांगड्या कुठवर येतात ते पाह्यलं नव्हतं.

मंग तिनं सांगितलं. थंडी लागली तेव्हापासून खोकला होता. सांज झाली की अंग गरम. हळदीचं दूध झालं, अडुळशाचा काढा झाला, दुकानातल्या लाल औषधाच्या बाटल्याही झाल्या. खोकल्याची उबळ आली की मी आवाज ऐकून येणार हे तिले माहीत होतं, म्हणून मी येईपर्यंत ती काम शोधून ठेवे. मीठ त्यातलंच. मीठ सगळ्यात सोपं, कारण दुकान दूर आहे, मी जाऊन येईपर्यंत तिले खोकून घेता येई.

मी म्हटलं, "सांगितलं काऊन नाई?"

म्हणाली, "माह्या मायले हेच होतं."

तिच्या मायची गोष्ट मले अर्धीच माहीत होती. क्षयानं गेली एवढंच. त्या दिवशी उरलेली ऐकली. मायले गोठ्याच्या मांगच्या पडवीत ठेवलं होतं. ताट येगळं, लोटा येगळा. शेवंता तेव्हा लहान, तिच्या हातून भाकर पाठवत, पण ती पडवीच्या बाहेरच ठेवायची अन् मांगं फिरायचं. माय आतून खाकरे, म्हणजे भाकर भेटली. एक दिवस खाकरणं आलं नाई. माय गेल्यावर ते ताट लोकाईनं नाल्यात फेकलं. पोरीनं ते नाल्यात चमकताना पाह्यलं.

"सुनेले सांगू नका," गिरजा म्हणाली. "ती काई वाईट नाई. पन तिचं लेकरू लहान हाये. ती माहं ताट येगळं करीन, अन् तिनं केलं तं मी काय म्हनू?"

"ताट येगळं होईन तं दोघाईचं होईन," मी म्हटलं. "उठ. दुपारच्या बसनं जाऊ."

"आज नको."

"रक्त आलं ना?"

तिनं उठून लुगडं बदललं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्दी होती. मी डॉक्टरच्या लाइनीत लागलो अन् तिले नाव लिहायच्या खिडकीपाशी उभं केलं. इथं एक गडबड झाली. खिडकीत सिस्टर होती. तिनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" गिरजा खाकरली. सिस्टर म्हणाली, "खोकला आहे ते कळलं आजी, नवऱ्याचं नाव सांगा." ही पुन्हा खाकरली. मांगची लोकं कुरकुर करू लागली. हिनं म्हटलं, "पिंडीवर असते ते." सिस्टरनं विचारलं, "शंकर?" गिरजानं मांगची लाइन पाह्यली अन् म्हणाली, "हो, तेच समजा."

तवापासून त्या दवाखान्यात मी शंकरराव झालो. सिस्टरनं "शंकरराव, इकडं या" म्हणून आवाज दिला तं मी मांगं वळून पाह्यलं, हा शंकरराव कोण. गिरजानं माह्या सदऱ्याले ओढलं. तोंडावर पदर होता, पण डोळे हसून राह्यले होते.

डॉक्टरीण बाई तरणी होती, शांत बोले. खोकला किती दिवसांचा, हे विचारलं. गिरजानं थंडीपासूनचा सांगितला. बाई चिडली नाई. म्हणाली, "आजी, साधा सर्दी-खोकला एक-दोन आठवड्यांत उतरतो. तोवर हळद-दूध प्या, काढा प्या, हरकत नाही. पण दोन आठवडे झाले आणि खोकला गेला नाही, तर थुंकी तपासायला यायचंच. त्यात संध्याकाळी ताप, घाम, वजन उतरणं असलं तर घरी बसायचं नाही. आणि थुंकीत रक्त दिसलं किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही."

थुंकी तपासली, एक्सरे पाह्यला, टीबी निघाला. औषध इथंच फुकट भेटते, रोज घ्यायचं, सहाएक महिने, अन् बरं वाटलं तरी सोडायचं नाई, असं बाईनं सांगितलं. घरच्या सगळ्याले तपासायले आणा म्हणाली. सुरुवातीचे काही आठवडे तोंड झाकून खोकायचं, खिडकी उघडी ठेवायची, हवेशीर जागी निजायचं.

गिरजानं हे समदं मान खाली घालून ऐकलं. मंग विचारलं, "ताट?"

"ताट काय?"

"ताट येगळं ठेवा लागन ना?"

"नाही आजी. हा आजार ताटानं पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे, यानं काही होत नाही."

गिरजा बाईकडं पाहत राह्यली. म्हणाली, "मंग माह्या मायचं?"

डॉक्टरीण बाईले काय समजणार. तिनं माह्याकडं पाह्यलं. पुढचा पेशंट आत आला.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. खिडकी उघडी ठेवली, बाईनं सांगितलं तशी. सगळ्या रस्त्यानं बाहेर पाहत होती. हिंगणीच्या अलीकडं एक नाला लागतो. तो आला तेव्हा तिनं मान वळवून तो मांगं जाईपर्यंत पाह्यला.

सून माहेराहून आली त्या दिवशी तिनं स्वतः सांगितलं. मी सांगणार होतो, पण तिनं तिसरं खाकरणं खाकरलं अन् मी चूप बसलो. सून ऐकून उभीच राह्यली. मंग काई न बोलता पोट्टीले उचललं अन् बाहेर गेली. गिरजाच्या तोंडाकडं मले पाहवलं नाई. ती उठली, फडताळातून आपलं जरमलचं ताट काढलं अन् कोठीच्या खोलीकडं निघाली.

तेवढ्यात कोठीच्या खोलीत काहीतरी टरकन फाटलं. जाऊन पाह्यलं तं सून पाटावर उभी. पोट्टीले शेजारच्या बाईजवळ देऊन मांगच्या दारानं आलती. त्या खोलीच्या खिडकीले वर्षानुवर्षं पोत्याचं बारदान ठोकलेलं होतं, थंडी येऊ नये म्हणून. ते तिनं उचकून काढलं होतं. डोक्यावर धूळ, हातात बारदान. म्हणाली, "आत्याबाई, अशा कोंडवाड्यात निजून राह्यल्या तुम्ही? हवा कोठून येईन?" मंग तिले सासूच्या हातातलं ताट दिसलं. "हे काऊन काढलं? मले एक ताट जास्त घासा लागते ते समजत नाई का?"

गिरजानं ते ताट खाली ठेवलं. नंतर त्यात कोंबड्याईले कण्या देऊ लागलो.

त्या दिवशी तिनं आधी जेवावं असं मी म्हटलं. ती ऐकेना. शेवटी जेवली. तिचं झाल्यावर मी त्याच ताटात वाढून घेतलं. ती म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "मले याच ताटात पोट भरते."

घरच्या सगळ्याची तपासणी झाली, कोणाले काई निघालं नाई. नातीले टीबी होऊ नये म्हणून बाईनं गोळ्या दिल्या, त्या तिनं आजीच्या गोळीसंगं घेतल्या, दोघी समोरासमोर बसून, कोणाची आधी उतरते त्याची शर्यत. पहिल्या दिवशी एक घोळ झाला. गिरजा न्हाणीतून बाहेर आली ते घाबरी होऊन, लघवी लाल झाली म्हणून. मीही घाबरलो. सिस्टरले फोन केला तं ती म्हणते, "शंकरराव, गोळीचा रंग आहे तो. घाबरू नका." सांगितलं होतं म्हणे तिनं. असंन सांगितलं. आम्ही तेव्हा ताटाचा विचार करत असू.

खोकला कमी झाला. बांगड्या कोपरावरून खाली आल्या. मंग तिनं गोळीची टाळाटाळ सुरू केली. "खोकला गेला, आता गोळी कोनाले खाऊ घालू?"

मी म्हटलं, "शंकररावाच्या बायकोले."

ती हसली अन् गोळी गिळली. पूर्ण कोर्स झाला. शेवटची थुंकी साफ आली.

पण आता तिची नवीन पंचाईत झाली. एक दिवस मी अंगणात होतो, तिले मले जेवायले बोलवायचं होतं, ती सवयीनं बारीक खाकरली. सून पीठ मळता मळता हात तसेच घेऊन धावली. पोरगा गोठ्यातून आला. नात पाण्याचा गिलास घेऊन आली, अर्धा सांडत. तिघांनी तिले खाटेवर बसवलं, कपाळाले हात लावला. ती म्हणे, "अवो, मी खोकली नाई, त्याहीले बोलावलं." कोणी ऐकेना. संध्याकाळी मले म्हणाली, "आता मले खाकरायचीही चोरी झाली."

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात होतो. चुलीकडून आवाज आला, "ओ शंकरराव."

मी वाकलेला होतो तो तसाच राह्यलो. पुन्हा आवाज आला. जाऊन विचारलं, हे काय. म्हणाली, "ते नाव तुमचं नाई. मंग घ्यायले काय हरकत हाये?"

तवापासून घरात, वावरात, रस्त्यावर मी शंकरराव. तिच्या तोंडून नाव ऐकायची मले सवय नव्हती, पहिले काई दिवस कानाचे पाळे गरम होत. मंदिरात मात्र ती "हर हर" च्या पुढं खाकरतच राह्यली. तिथं शंकरराव म्हणणं बरं दिसत नसे.

बरी झाल्यावर तिले दुसऱ्याच्या खोकल्याचा कान आला. भाजी घ्यायले गेली अन् भाजीवाली खोकली तं वांगे बाजूले राहत. "किती दिस झाले?" विचारे. बाई म्हणाली चारच दिवस, तं म्हणे, "गरम पानी पी, आराम कर. दोन हप्ते झाले अन् गेला नाई तं मले सांगजो, मी संगं येईन." कोणी म्हणालं लय दिवस झाले, तं त्याची सुटका नसे. लपवणारी बाई तिले बरोबर समजे. एका घरी तिनं चुलीतली राख पाह्यली अन् विचारलं, "मीठ किती साचलं घरी?" ती बाई रडायले लागली म्हणे.

नामदेवाचं तिनं लय दिवस डोकं खाल्लं. त्याचा आवाज बसला होता. खोकला नाई, ताप नाई, नुसता घोगरा आवाज, अन् गिळताना काहीतरी अडकल्यासारखं. तो म्हणे, "घसा बसला वहिनी, उठीन आपला." ही म्हणे, "बसून महिना झाला, उठत काऊन नाई? तो खर्रा आधी थुंक." तो टाळे. मंग तिनं रोज सकाळी कुंपणापाशी जायचा नेम धरला. "नामदेवभाऊजी, म्हना, शंकरराव." तो म्हणे, "शंकरराव." फाटक्या ढोलासारखं. ही म्हणे, "कालच्यापेक्षा बिघडला. उद्या पुन्हा म्हना." नामदेवाची बायको हसे, पोरं हसत, रस्त्यानं जाणारे थांबत. शेवटी लाजून तो दवाखान्यात गेला. तिथून त्याले नागपूरले पाठवलं, घशात नळी घालून पाह्यलं. स्वरयंत्रावर गाठ होती, नको ती. पण लहान होती, वेळेत सापडली असं डॉक्टर म्हणाले. किरणांचे शेक घेऊन आला. आवाज पूर्ण आला नाई, पण माणूस आला. खर्रा सुटला. गिरजानं त्याले पुन्हा कुंपणापाशी उभं केलं, शंकरराव म्हणायले लावलं अन् ऐकून मान हलवली. "चालते आता."

गिरजा मागच्या साली गेली. टीबीनं नाई, कशाच्या खोकल्यानं नाई. दुपारी जेवून लवंडली ते उठली नाई. हृदयाचं होतं, डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा घरी नव्हतो.

तेराव्यानंतर एका सकाळी मी अंगणात बसलो होतो. कुंपणापलीकडून नामदेवानं आवाज दिला, "ओ शंकरराव." त्याच्या मनात चांगलंच होतं. मी म्हटलं, "नको म्हनू बे." त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाई. आता गावात मी महादेव, महाद्या, बाबाजी, मामाजी, समदा आहो. तो एकच नाई.

ती गेली त्या दिवशीचं सांगतो. चष्म्याची काडी तुटली होती, ती जोडायले मी सेलूले निघालतो. रस्त्यावर बस येऊन उभी राह्यली. मी पायरीवर पाय ठेवला अन् मांगून आवाज आला.

"ओ शंकरराव."

आमचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे. ती फाटकात उभी होती. एक हात खांबाले, दुसऱ्या हातात माही पिशवी, वर धरलेली. चष्मा त्या पिशवीत होता. मी चष्मा जोडायले निघालो अन् चष्माच घरी ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, "शंकरराव, जा, आणा. थांबतो." आवाज एवढ्या दूर आला, पण कुठं फाटला नाई, कुठं अडकला नाई. कंडक्टरले शब्द न् शब्द समजला.

मी परत गेलो. तिनं पिशवी हातात दिली. कुंकू डाव्या अंगाले होतं. विचारलं, "कानानं आईकलं का पाठीनं?"

मी म्हटलं, "पाठीनं."

ती हसली. खांबाले धरून, मान मांगं टाकून, पूर्ण हसली. मी सवयीनं थांबलो, हसण्यामांगचं खाकरणं यायची वाट पाहत. ते आलं नाई. मंग मी बसकडं निघालो.